काउंटी मोठी की सुप्रीम

आमच्या गावात दोन घरांना मान आहे. ज्याचं पोरगं परदेशात आहे त्या घराला, आणि ज्याची केस दिल्लीपर्यंत पोचली आहे त्या घराला. आमच्या घरात दोन्ही होतं. त्यामुळे भाजीची गाठोडी घेऊन मी रिसोडच्या बाजाराला निघाले, की फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिणाऱ्यांना विषयाचा तोटा पडत नसे. मी बाहेर जीपची वाट पाहत उभी, आणि आत वाद रंगलेला: काउंटी मोठी की सुप्रीम.

काउंटी म्हणजे विलायतेतला जिल्हा. माझा धाकटा भाऊ बायकोला घेऊन लिंकनशायर नावाच्या काउंटीत राहतो. गावाला हा शब्द क्रिकेटमुळे माहीत होता, म्हणून तो गेला तेव्हा निम्म्या गावाला वाटलं की पोरगं खेळायला गेलं. ज्याला शाळेत कोणी बारावा गडी म्हणूनही घेत नव्हतं, तो काय खेळणार? तो तिकडं कोबी-फ्लॉवर धुऊन पाकिटात भरणाऱ्या कंपनीत साहेब आहे. आम्ही बागायती करणारी माणसं, आजोबा-पणजोबांपासून भाजीवर जगलेली. पोरगं सातासमुद्रापार जाऊनही भाजीतच राहिलं याचं बाबांना केवढं कौतुक. आपल्या जिल्ह्याएवढाच तो जिल्हा, सपाट आहे, काळी माती आहे, असं ते लोकांना सांगायचे, जसं काही स्वतः जाऊन ढेकूळ फोडून आले होते.

सुप्रीम म्हणजे सुप्रीम कोर्ट. तिथं आमचा मळा गेला होता. म्हणजे मळा जागेवरच होता, नाल्याकाठी, विहिरीला लागून. पण तो कोणाचा याचा निकाल दिल्लीला लागायचा होता. बाबांची आणि काकांची वाटणी तोंडी झाली होती. वरची कोरडवाहू काकांना, मळा नि विहीर बाबांना. दोघं भाऊ होते तोवर कोणाला कागदाची गरज वाटली नाही. काका गेले आणि त्यांचा मुलगा म्हणाला, कुठली वाटणी? त्यानं रिसोडला दावा लावला. तिथून वाशीम, तिथून नागपूर. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्याकडे शहाणं कोणी नव्हतंच, त्यामुळे आम्ही सगळ्या पायऱ्या चढलो. नागपूरला आम्ही जिंकलो तेव्हा तो दिल्लीला गेला, आणि केस दिल्लीत असतानाच बाबा गेले.

माझं सगळं त्या मळ्यावर होतं. नवरा वारल्यावर सासरच्यांनी मला चार महिने पाहुणीसारखं ठेवलं आणि मग पाहुणीसारखंच गाडीत बसवून दिलं. मी बी.ए. झालेली, पण आमच्या भागात बी.ए. झालेल्या विधवेला भाव विचारला तर मेथीच्या जुडीला जास्त मिळेल. बाबांनी मला मळ्यात उभं केलं. वांगी, मेथी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे असंच म्हणतात. वाफे मी पाडले, लाईट येईल त्या वेळेला उठून ओलीत मी केलं. सकाळी हाताला मातीचा वास असला की मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. मळा गेला असता तर मी कुठं गेले असते, हे मला आजही माहीत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. बाप गेला, तेरवी झाली, की भाऊ बहिणींना गाडीत बसवून रजिस्ट्री ऑफिसात नेतात. तिथं बहीण हक्कसोड करते, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावांच्या नावे सोडते. कायदा काही म्हणो. सही करून ती बाहेर आली की भाऊ साडी नेसवतो, हॉटेलात जेवू घालतो, आणि सगळे हसतखेळत घरी येतात. वाटा घेतला की माहेर तुटलं, असा हिशेब आहे. दिवाळीची भाऊबीज हवी की शेताचा तुकडा, हे बाईनं ठरवायचं. माझ्या ओळखीतल्या एकूणएक बायकांनी भाऊबीजच निवडली आहे. त्यांना हसणारी मी कोण? मीही निवडायला तयार होते.

बाबांच्या तेरवीला भाऊ आला होता. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला. त्याला परत जायचं होतं, म्हटलं रिसोडला जाऊन येऊ. तर तो म्हणाला, “ताई, सही कायले करतं? राहू दे. केसमधी तूच उभी राह्य. मळा तुयाच हाय. मी काय तिकडून मोटर चालू कराले येनार हाव?”

आई तिथंच शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मला रडू फुटलं. गावात असा भाऊ कोणाला मिळाला होता? मी महिनाभर जिला-तिला हे सांगत सुटले, आणि बायका माझ्याकडे असूयेनं पाहत. एक तेवढी म्हणाली, “पाय बाई, फुकटचं कोनी देत नाई.” मी तिच्याशी बोलणं कमी केलं.

मग सुरू झाल्या तारखा. फाट्यावरचे लोक काउंटी नि सुप्रीममधला फरक शोधत, पण मला साम्यच जास्त दिसे. कोर्ट तारीख द्यायचं आणि भाऊही तारीख द्यायचा. या दिवाळीला येतो म्हणायचा. दिवाळी आली की कंपनीत काम निघायचं आणि पुढची तारीख. कोर्टातही तसंच, कधी समोरचा वकील आजारी, कधी आमचा नंबर यायच्या आत वेळ संपलेली. दोन्हीकडे इंग्रजी. दोन्हीकडे आपण वाट पाहायची आणि त्यांनी सवडीनं बोलवायचं. दोन्ही ठिकाणी आपलं माणूस होतं, एकीकडे भाऊ आणि एकीकडे वकील, आणि दोघंही म्हणायचे, काळजी करू नका.

फरक एकच वाटायचा. कोर्ट परकं होतं, त्याचा भरवसा नव्हता. काउंटी आपली होती.

रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोनवर आम्हाला काउंटी दाखवायचा. हिरवंगार, वर सदा ढगाळ आभाळ, आणि एवढ्या मोठ्या शेतात एक माणूस दिसायचा नाही. आई म्हणायची, निंदन कोन करते मंग? भाड्याच्या घरामागं त्याला एक अंगणभर जागा होती. तिथं त्याला मेथी लावायची होती, म्हणून त्यानं माझ्याकडे गावरान मेथीचं बी मागवलं. वाशीमचं एक कुटुंब तिकडे जात होतं, त्यांच्या हाती मी पुडकं पाठवलं. मेथी उगवली तेव्हा त्यानं फोटो पाठवला. मी तो मळ्यात उभी राहून पाहिला आणि मला वाटलं, आमचाच एक वाफा तिकडे लांब गेला आहे. किती भाबडी असते बाई. असते म्हणजे, मी होते.

केस शेवटाला आली तेव्हा वकिलाचा फोन आला, या वेळी होईल. यायलाच पाहिजे असं नाही, म्हणाला. मी म्हटलं, येते. रिसोडहून एसटीनं वाशीम, तिथून अकोला, अकोल्याहून दिल्लीची गाडी. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि पोळ्या बांधून दिल्या. निघताना दारात उभी होती. काहीतरी बोलायचं असल्यासारखी तिनं पदर तोंडाला लावला आणि मग म्हणाली, “थंडी असंल तथी. शाल घे.”

सुप्रीम कोर्ट मी पाहिलं. पांढरा घुमट, रुंद पायऱ्या, आणि काळ्या कोटांची अशी घाई की सगळ्यांचीच गाडी सुटत आहे. पास काढून आत गेले. दालनात मागं उभी राहिले. आमच्या मळ्याचा नंबर आला, दोन वकील उठले, वर बसलेल्यांपैकी एकानं काही विचारलं, समोरचा वकील पुटपुटला, आणि संपलं. बाबांची सगळी उतारवयातली वर्षं ज्याच्यात गेली ते मला खोकला येऊन जाईपर्यंत संपलं होतं. बाहेर आल्यावर मी आमच्या वकिलाला विचारलं, मळा? तो हसून म्हणाला, “आपका ही है, माताजी.” मी काही त्याची माताजी होण्याएवढी म्हातारी नाही. पण त्या दिवशी त्यानं आजी म्हटलं असतं तरी चाललं असतं.

बाहेर हिरवळीच्या कडेला उभं राहून मी भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मी म्हटलं, जिंकलो. तो म्हणाला, “चांगलं झालं ताई. निकालाची नक्कल कवा भेटते, ते इचारून घे.” भावाला आपल्या मळ्याची केवढी काळजी, असं वाटून माझा ऊर भरून आला. हेही लिहायलाच पाहिजे, कारण मला नंतर याचीच सगळ्यांत जास्त लाज वाटली.

येताना वाशीमला पेढे घेतले. घरी न जाता फाट्यावर उतरून आधी मळ्यात गेले. विहिरीजवळ चुलतभाऊ उभा होता. हरलेला माणूस आपल्या मळ्यात कशाला आला, हे मला समजेना. दोन गडी टेप धरून होते आणि वांग्याच्या सरीत त्यांनी लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. फुलावर आलेली झाडं तुडवली गेली होती.

मी ओरडले, “दादा, काय करून राह्यले तुमी? निकाल लागला ना?”

“लागला त. माहीत हाय मले,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडी कीव होती. “तुया भावानं सांगतलं नाई काय तुले?”

“काय?”

“अवो बाई, सौदा झाला ना आमचा. कवाचा बोलून होता थो. तू हरली असती त मळा मले तसाच भेटत होता. जिंकली, आता मले इकत घ्या लागते. त्याचा फायदा झाला, माया तोटा.” खुंटीकडे बोट दाखवून म्हणाला, “कुंपन कुठून घ्याचं, थे पायत होतो. तुयी हक्कसोड झाली का रजिस्ट्री हाय.”

पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात, ते हेच. फरक एवढाच की म्हैस अजून पाण्यात असताना तिला चारा घालायला, तिची धार काढायला, तिच्यासाठी कोर्टात भांडायला मला ठेवलं होतं. बाबांच्या तेरवीनंतर सही करू नको म्हणाला त्याचा अर्थ मला तिथं, तुडवलेल्या वांग्यांत उभं राहून कळला. केसमध्ये ताब्याला किंमत असते. मळा कसणारं माणूस मळ्यात असलं तर समोरच्याला आत पाय टाकता येत नाही. काउंटीत बसून ताबा राखता येत नाही. म्हणून मी.

घरी आले. आई चुलीपुढं होती. पेढ्यांचा डबा मी तसाच ओट्यावर आपटला. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं की मला कळलं.

“तुले माहीत होतं?” मी विचारलं.

“हाव.”

“कवापासून?”

तिनं भाकरी उलटली. मी परत विचारलं, मला काहून नाही सांगितलं?

“तुले सांगतलं असतं,” आई शांतपणे म्हणाली, “त तू दिल्लीले गेली असती काय?”

आपण यात काही वाईट बोललो असं तिला वाटलं नव्हतं. पुढं समजावणीच्या सुरात तीच म्हणाली, की पोराला तिकडे घर घ्यायचं आहे, भाड्याच्या घरात किती दिवस काढेल, मागं मोठं अंगण असलेलं घर पाहिलं आहे, फोनवर दाखवलं त्यानं. “वंशाचा दिवा हाय थो. त्यानं तुले राखनीले ठेवलं होतं. तू मालकीन समजून बसली, त्याले आमी काय करावं?”

आमी. या शब्दावर माझा जीव अडकला. इतकी वर्षं त्या घरात मी आणि आई दोघीच होतो. एका ताटात जेवलो, एका गोधडीत झोपलो, आणि तिचं ‘आमी’ हजारो मैलांवर होतं.

ज्याला इतक्या दिवाळ्यांत यायला सवड मिळाली नाही, तो पुढच्याच आठवड्यात आला. चॉकलेटं आणली. मला एक स्वेटर आणला, मऊ, महागाचा. माझ्याशी गोड बोलला. साडी तुझ्या पसंतीची घेऊ म्हणाला. मी विचारलं, मळा माझाच, असं तू म्हणाला होतास ना? तर म्हणाला, “ताई, म्हनलं होतं ना. तवा तुले आधाराची गरज होती, म्हनून म्हनलं.” असं बोलला जसा तो उपकारच होता. मी कुठं राहू, काय खाऊ, यावर त्याचं उत्तर तयार होतं: आईजवळ राहा, मी पाठवत जाईन. सासरी पाहुणी होते, आता माहेरी पाहुणी व्हायचं.

मी गेले रजिस्ट्री ऑफिसात. का गेले सांगू? सही करायलाच गेले होते. घरात दोघंही माझ्याशी इतकं जपून वागत होते की मला वाटलं, नको ते, देऊन टाकू, निदान आई तरी राहील. चुलतभाऊ बाहेर गाडीत बसला होता. आतल्या अधिकाऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, तो सगळ्यांनाच विचारतात, मान वर न करता: “बाई, स्वखुशीनं सोडता ना?”

भावानं माझ्या वतीनं हो म्हटलं. आई म्हणाली, हाव, हाव. दोघं एकदम बोलले. तेवढ्यावरच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “नाही. खुशी नाही.”

अधिकाऱ्यानं मान वर केली. भाऊ हसला, थट्टा समजून. मी पुन्हा तेच म्हटलं आणि उठून बाहेर आले. साडीच्या दुकानापाशी त्यानं मला गाठलं, आणि काउंटीत शिकलेली त्याची सगळी मऊ भाषा गळून पडली. तो काय काय म्हणाला ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाला, आजपासून मले बहीन नाई. आई त्याच्या मागं येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे पाहिलं. ती गाडीत जाऊन बसली, चुलतभावाच्या.

फाट्यावर त्या संध्याकाळी वाद मिटला असं ऐकलं. सुप्रीमनं बाईला मळा दिला आणि काउंटीनं काढून घेतला, म्हणजे काउंटीच मोठी. कोणीतरी हे बोललं आणि सगळे हसले म्हणे. मला हसू आलं नाही. सुप्रीम कोर्टानं माझं तोंडही पाहिलं नव्हतं, आणि तरी त्यानं मला फसवलं नाही. तिथं मला कोणी ताई म्हणालं नव्हतं.

आईनं आणि भावानं आपापले हिस्से चुलतभावाला लिहून दिले. भाऊ परत गेला. त्याचं घर झालं म्हणे. त्याच्या बायकोनं व्हॉट्सॲपवर टाकलेला, नव्या अंगणातल्या मेथीचा फोटो एका नातेवाइकानं मला मुद्दाम दाखवला. आई चुलतभावाकडे राहायला गेली, व्हिसा होईपर्यंत. ज्याच्या नावानं तिनं इतकी वर्षं बोटं मोडली त्याच्या ओसरीवर ती आता तांदूळ निवडते. मी आणि चुलतभाऊ असे मळ्याचे दोघं मालक झालो, पण कोणता वाफा कोणाचा हे ठरलेलं नाही. म्हणून त्यानं रिसोडच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला आहे. त्याचं म्हणणं, बाईला वाटाच नाही, लग्नात दिलं तेच तिचं. आणि हे सांगायला त्याची साक्षीदार आहे माझी आई.

परवा पहिल्यांदा ती साक्षीला आली. मी आधीच जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. बाक गच्च भरलेला होता, माझ्या शेजारी तेवढी एक जागा रिकामी होती, कारण मी पिशवी ठेवून ती धरली होती. आई जिना चढून आली. तिचे गुडघे आता फार दुखतात, कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि सरकले. तिनं जागा पाहिली. मग मला पाहिलं.

पुकारा व्हायला दुपार झाली. तोवर ती भिंतीला टेकून उभी होती.